सुट्टीतला विमानप्रवास आणि हाताशी ठेवलेला दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. ते छापून हाती मिळावे असे पुष्कळ भगिनींनी सुचविल्यावरून येथे देत आहोत.)



चिटणीसबाईंनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'सुट्टीतला विमानप्रवास' असे सांगितले. त्या क्षणभर गप्पच झाल्या. आपल्या मंडळात आजवर मसाले, बालसंगोपन, बचत, गुडघेदुखी, रांगोळी असे विषय झाले. हे विमान मध्येच कुठून आले, असे त्यांना वाटले असावे. पण भगिनींनो, आज येथे बसलेल्यांपैकी किती जणींची लेक किंवा मुलगा बंगळुरास, हैदराबादेस, दिल्लीस किंवा त्याहून लांब आहे, हे आपण मनाशी मोजून पाहावे. आणि काकडीचा विमानतळ तर आपल्या उंबऱ्याशी येऊन बसला आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती श्री. रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून राहात्याच्या गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरून विमान जाते आणि आपण वर बघतसुद्धा नाही. तेव्हा हा विषय आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला राहिलेला नाही, आपल्या स्वयंपाकघरातला झाला आहे.

मला बोलायचे आहे ते विमानाच्या मौजेबद्दल नव्हे. माहेरपणाबद्दल बोलायचे आहे. पूर्वी लेक माहेरी यायची ती सुगी झाल्यावर, सणाला किंवा बाळंतपणाला. एस. टी.चे तिकीट काढले की झाले. एस. टी.ची पहिली गाडीदेखील आपल्याच जिल्ह्याशी बांधलेली आहे, १ जून १९४८ रोजी ती पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये धावली. त्या गाडीचा एक मोठा गुण असा की, भाडे ठरलेले आणि ही चुकली तर मागून दुसरी. आता लेकीचे येणे सुगीवर ठरत नाही, सासूबाईंच्या परवानगीवर तर नाहीच नाही. ते ठरते नातवंडांच्या शाळेवर. शाळेला सुट्टी लागली की यायचे आणि शाळा उघडण्याच्या आत परतायचे. देशातल्या लक्षावधी घरांची हीच गत, त्यामुळे सारे एकदम निघतात. एवढेच नव्हे, तर मे महिना हा लग्नसराईचाही महिना. म्हणून ही गर्दी टाळता येईल असे मी म्हणणारच नाही. मूल शाळेत आहे तोवर गर्दीतूनच जावे लागणार. प्रश्न एवढाच की त्या गर्दीत आपला पैसा किती जावा, आपला जीव किती टांगणीला लागावा आणि मुख्य म्हणजे लेकीचे ते आठ-दहा दिवस वाचावेत कसे.

प्रथम भाड्याचे पाहू, कारण त्याचे कोडे पुष्कळ जणींना सुटत नाही. शेजारच्या बाईंनी चार हजारांत तिकीट काढले आणि मला आठ पडले, असे कसे? लबाडी झाली काय? लबाडी नव्हे. आपल्या देशात १९५३ साली विमान कंपन्या सरकारने हाती घेतल्या, त्यानंतर बरीच वर्षे भाडे ठरलेले असे. १९९४ साली तो जुना कायदा गेला, खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि भाडे ठरविणे कंपन्यांकडे आले. आता एकाच विमानातल्या जागा निरनिराळ्या भावांच्या गटांत विकतात. स्वस्त गट संपला की त्यावरचा उघडतो, तो संपला की त्याच्याही वरचा. आपल्या भाजीबाजारात दिवेलागणीला मेथीची जुडी स्वस्त होते, कारण ती उद्या टिकणार नाही. विमानाच्या बाजारात सारे उलटे, दिवेलागणीलाच भाव कडाडतो. कारण शेवटच्या दिवशी येणारे गिऱ्हाईक गरजू असते, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. तेव्हा "शेवटी जागा उरल्या की स्वस्त देतील" ही आशा सुट्टीच्या दिवसांत तरी सोडून द्यावी. 

आणि घरखर्चाचा हिशेब असा की, एका माणसामागे एका वेळेला दोन हजारांचा फरक पडला, तर चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन सोळा हजारांचा फरक पडतो. लेक तोंडाने बोलत नाही, पण असा फरक दोन वर्षे पडला की तिसऱ्या वर्षी "आई, या खेपेला जमत नाही गं" असे ऐकू येते. मला या विषयाची काळजी वाटते ती यासाठी.

तिकीट केव्हा काढावे? रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडते, पूर्वी एकशेवीस दिवस होते. विमानाची तिकिटे मात्र पुष्कळ महिने आधीपासून मिळू लागतात. म्हणून मे महिन्याचे बोलणे दिवाळीतच व्हावे, फराळाची ताटे पुढ्यात असताना. सारे घर जमलेले असते, जावईबापूही हजर असतात. पण तिकीट काढण्याच्या आधी एक गोष्ट विचारावी आणि ती आपण बहुधा विचारत नाही: नातवंडांची शाळा कधी सुटते आणि कधी उघडते?

आपण धरून चालतो की साऱ्या देशाची सुट्टी आपल्यासारखीच. ती तशी नाही. आपल्याकडे शाळा मेच्या आरंभी सुटून जूनच्या मध्यास उघडतात. कर्नाटकात राज्याच्या शाळा एप्रिलमध्येच सुटतात आणि मे संपता संपता किंवा जून लागताच उघडतात. तेलंगणात एप्रिलच्या अखेरीस सुटून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. दिल्लीकडच्या शाळा मेच्या मध्यास सुटतात आणि जुलैच्या तोंडाशी उघडतात. म्हणजे बंगळुरचा नातू मेच्या शेवटच्या आठवड्यात परत निघालाच पाहिजे, आणि आपण मात्र त्याच आठवड्यात भाच्याचे लग्न धरून बसलेलो असतो. शरद ऋतूतही तसेच. आपली मोठी सुट्टी दिवाळीची. कर्नाटक-तेलंगणात ती दसऱ्याची. आजी दिवाळीचा आग्रह धरते, लेक दिवाळीला चार दिवसांची रजा कशीबशी काढते आणि चारही दिवस सर्वांत महाग. त्याऐवजी "दसऱ्यालाच या, आठ दिवस राहा, करंज्या मी तेव्हाच करीन" असे आजीने म्हटले, तर सण कोठे पळून जात नाही. परदेशातले वेळापत्रक आणखी निराळे. दुबईच्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टात. ती मुले येतात ऐन पावसात, आंबा संपल्यावर. (आमच्या शेजारच्या आजी रस आटवून ठेवतात, बर्फाच्या कपाटात जागा राहात नाही, आणि सूनबाई कुरकुरतात. पण तो वेगळा विषय.) इंग्लंडातल्या शाळा जुलैच्या अखेरीस सुटतात, अमेरिकेतल्या त्याआधीच.

सुट्टीचा पहिला शनिवार आणि शेवटचा रविवार हे दोन दिवस सर्वांनाच हवे असतात. ते सोडावेत. शेवटचा पेपर देऊन दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाला झोपेतून ओढून विमानतळावर नेण्याची घाई कशासाठी? चार दिवसांनी, मंगळवारी-बुधवारी निघाले तर भाडे बहुधा उतरलेले असते आणि मूलही ताजेतवाने असते. परतताना शाळा उघडण्याच्या तीन-चार दिवस आधी पोचावे. वह्या-पुस्तके, गणवेश, केस कापणे, हे असतेच.

आता आपल्या काकडीच्या विमानतळाची एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तो आपल्याला जवळचा आहे, पण केवळ आपल्यासाठी बांधलेला नाही. येथे येणारी विमाने मुख्यतः साईबाबांच्या भक्तांनी भरतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा, वर्षअखेर आणि सुट्ट्या जोडून आलेले दिवस, या काळात हैदराबाद, चेन्नई, बंगळुर, दिल्ली येथून शिर्डीकडे येणाऱ्यांची रीघ असते. आपली लेक त्याच विमानातून माहेरी यायची म्हणते. म्हणजे तिची चढाओढ प्रवाशांशी नाही, यात्रेकरूंशी आहे! पंचांगात गुरुपौर्णिमा बघून मगच तिकिटाचा दिवस ठरवावा, असे मी लेकीला सांगते तेव्हा ती हसते, पण बघते.

दुसरी गोष्ट अशी की, लहान विमानतळावर विमाने थोडी. मुंबईत एक रद्द झाले तर दोन तासांनी दुसरे असते; येथे ते उद्यावर जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात अंधुक हवेमुळे येथील विमाने काही आठवडे बंदच होती. रात्रीची विमाने तर पुष्कळ वर्षे येथे उतरतच नव्हती, ती २०२५ साली सुरू झाली. शिवाय विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळी बहुधा या दुसऱ्या बदलाच्या आसपासच येते. २०२६ सालचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरचे, म्हणजे बदलानंतरचे. उन्हाळ्यात काढून ठेवलेल्या दिवाळीच्या तिकिटाची वेळ मध्यंतरी बदललेली असू शकते. तेव्हा तिकीट काढून डब्यात घालून ठेवले असे करू नये. महिन्यातून एकदा ते उघडून वेळ ताडून पाहावी, आणि तिकिटावर आपला, म्हणजे जो फोन आपण खरोखर उचलतो तो, नंबर घालावा. तिकीट काढून देणाऱ्या मुलाने स्वतःचा नंबर घातलेला असतो, मग विमानाची सूचना त्याच्या दुकानात जाते आणि आपण काकडीला.

येथून निघणारे विमान न मिळाले तर नाशिकजवळचे ओझर आणि छत्रपती संभाजीनगर ही ठिकाणे मोटारीने दोन-तीन तासांवर आहेत. पुणे लांब, आणि नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी तुम्हांला नव्याने काय सांगावे! मुंबईसाठी समृद्धी महामार्गाची सोय झाली. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि रस्ता सलग झाला. नव्या मुंबईच्या विमानतळावरूनही २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली. मुंबई म्हटली की आता "कोणती मुंबई?" हे तिकिटावर नीट वाचावे, नाही तर जावई एका विमानतळावर आणि लेक दुसऱ्या.

यानंतर मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगते. सुट्टीच्या दिवसांत विमानाच्या प्रवासाला जोडून एक दिवस मोकळा ठेवावा. लग्न, मुंज, साखरपुडा, वर्षश्राद्ध, परीक्षा, परदेशचे पुढचे विमान, यांपैकी काही असेल तर त्याच्या आदल्या दिवशी पोचण्याचा बेत करू नये, त्याच्या आधीचा दिवस धरावा. परततानाही नोकरीवर हजर होण्याच्या सकाळी पोचणारे विमान घेऊ नये. हा दिवस फुकट गेला असे पुरुष मंडळी म्हणतात. रजेचा एक दिवस जातो हे खरे. पण तो नसला म्हणजे काय होते ते सांगते.

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची विमाने धडाधड रद्द झाली. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून कामाच्या तासांचे नवे नियम आले होते, आणि त्याप्रमाणे लागणारी माणसे कंपनीपाशी पुरेशी नव्हती. ५ डिसेंबरला एकाच दिवशी एक हजारांहून अधिक विमाने रद्द झाली. जी थोडी उडत होती त्यांचे भाडे इतके चढले की सरकारला ६ डिसेंबरला मर्यादा घालावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि पुढे अंतराप्रमाणे १८,००० पर्यंत. त्याच आठवड्यात हुबळीला एका नवविवाहित जोडप्याचा स्वागतसमारंभ होता. लग्न आधीच भुवनेश्वरला झाले होते. ही दोघे समारंभाच्या आदल्या दिवशीच्या विमानाने निघायची होती. विमान तासन्‌तास लांबत गेले आणि शेवटी रद्द झाले. मंडप सजलेला, पाहुणे आलेले. अखेर वधूवर भुवनेश्वरलाच नटूनथटून पडद्यावर दिसले आणि त्यांच्या खुर्च्यांवर आईवडील बसले! वर्तमानपत्रांत ते छायाचित्र पाहून सारे हसले. मला त्या आईचे काय झाले असेल तेच सुचत राहिले. आदला दिवस हाताशी होता, तरी पुरला नाही. म्हणून लग्नकार्याला मी एक नव्हे, दोन दिवस म्हणते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली आठवण तर आपल्या मनात ताजी आहे. २२ एप्रिलला पहलगाम येथे हल्ला झाला. आपल्या राज्यातली पुष्कळ कुटुंबे तेव्हा काश्मीरात होती; त्यांना आणण्यासाठी राज्य सरकारने खास विमाने धाडली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ काही दिवस बंद ठेवण्यात आले. १२ मे रोजी ते उघडले. अशा वेळी कोणाचाच काही इलाज चालत नाही. प्रवासात नातवाचे रोजचे औषध, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, थोडे रोख पैसे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत, आणि औषध ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीचे, एवढे मात्र आपल्या हातात असते.

विमान रद्द झाले किंवा खोळंबले तर आपला हक्क काय, हे जाणून घ्यावे. आपण बायका विमानतळावर उगीच संकोचतो. बाजारात एका रुपयासाठी भांडणारी बाई तेथे गेली की "असेल बाई त्यांचा काही नियम" म्हणून गप्प बसते. नियम आहेत, आणि ते आपल्या बाजूचेही आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली ते घालून दिले आणि पुढे वेळोवेळी सुधारले. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक खोळंबले तर चहा-फराळ कंपनीने द्यायचा असतो. विमान रद्द झाले तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे, यांपैकी काय हवे ते प्रवाशाने सांगायचे. आयत्या वेळी कळविले आणि कारण कंपनीचेच असले, तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाईचीही तरतूद आहे. धुके, वादळ, सुरक्षेचे कारण अशा गोष्टींना ती लागू नाही. तेव्हा धुक्याच्या दिवशी खिडकीवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही. आणि आपण स्वतः तिकीट रद्द केले, "पैसे परत नाहीत" असे त्यावर लिहिलेले असले, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. पुष्कळ जणी ते मागतच नाहीत. तक्रार ऐकली गेली नाही तर सरकारची 'एअरसेवा' म्हणून सोय आहे. तेथे लिहिताना तिकिटाचा क्रमांक, निरोप आल्याची वेळ आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या लागतात, म्हणून चहाची पावतीसुद्धा टाकू नये.

आणखी एक गंमत ऐका. कंपन्या कधी कधी जागांपेक्षा तिकिटे जास्त विकतात. एरवी काही लोक येतच नाहीत, त्यामुळे जमून जाते. सुट्टीत मात्र सारेच येतात! मग कोणाला तरी मागे ठेवावे लागते. तसे झाले आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान देता आले नाही तर भरपाई असते, ती २०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते. पण भरपाई घेऊन लेकीचे बारसे चुकवायचे का? त्यापेक्षा घरबसल्या फोनवरून जागा नोंदविण्याची सोय साधारण दोन दिवस आधी उघडते, ती उघडल्याबरोबर नोंद करावी. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला आईबापांपैकी किंवा बरोबरच्या पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा दिली पाहिजे, असे कंपन्यांना एप्रिल २०२४ मध्ये बजावण्यात आले आहे. मात्र दोघांचे तिकीट एकत्र काढलेले हवे. आजीचे निराळे, नातवाचे निराळे, असे करू नये.

सामानाबद्दल थोडे, कारण माहेराहून निघताना खरी परीक्षा तेथेच होते. देशातल्या प्रवासाला बहुधा पंधरा किलो आत द्यायचे आणि सात किलो हातातले. आईचे प्रेम मात्र तीस किलोचे असते. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत चालत नाही. नीट बांधून आत द्यायच्या सामानात द्यावी. सुके खोबरे मात्र आतल्या सामानातही चालत नाही, कारण त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकते. काळ्या मसाल्यासाठी म्हणून आईने बांधून दिलेल्या वाट्या तेथे काढून ठेवाव्या लागतात. तेव्हा मसालाच कुटून द्यावा. फोनला वीज भरणारी डबी, जिला मुले पॉवर बँक म्हणतात, ती याच्या उलट, हातातच ठेवायची, आत नाही. काडेपेटी दोन्हीकडे नको. आणि अडकित्ता पर्समध्ये विसरू नये, हे मी कोणाकडे बघून म्हणते आहे ते त्यांना कळले आहे. आपले राहात्याचे पेरू मात्र खुशाल न्या, जरा कच्चे बघून. वास साऱ्या विमानात दरवळतो, त्याला कोणी हरकत घेतलेली मी ऐकली नाही.

तान्हे मूल बरोबर असेल तर विमान वर चढताना आणि विशेषतः खाली उतरताना त्याला पाजावे. हवेचा दाब बदलल्याने कान दुखतात, गिळत राहिले की बरे वाटते. दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर बसते, दोन पुरी झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते. येताना पावणेदोन वर्षांचे असलेले मूल जाताना दोन वर्षांचे झालेले असू शकते, वाढदिवस मध्ये येतो काय ते बघावे. जन्माचा दाखला जवळ ठेवावा.

आता एकट्या जाणाऱ्या आजीबद्दल. पोचवायला आलेल्या माणसाला तिकिटावाचून आत सोडत नाहीत, हे पुष्कळ जणींना दारात गेल्यावर कळते आणि धीर सुटतो. गर्दीच्या दिवसांत दोन तास आधी पोचावे, पहिल्यांदा जात असाल तर अडीच. सामान घेणारी खिडकी विमानाच्या वेळेआधी साधारण एक तास बंद होते, आणि विमानाचे दारही सुटण्याच्या वेळेच्या आधीच मिटते, घड्याळात वेळ दिसत असला तरी. ज्यांना चालवत नाही त्यांनी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करावी, आणि खुर्ची येईपर्यंत बसून राहावे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विमानतळावर एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ खुर्च्या कमी म्हणून पत्नीच्या खुर्चीबरोबर पायी निघाले आणि वाटेत कोसळून वारले. त्या कंपनीला तीस लाख रुपये दंड झाला. दंडाने माणूस परत येत नाही. तेव्हा लाज नको, घाईही नको. पण चालता येत असताना केवळ रांग चुकते म्हणून खुर्ची मागणाऱ्याही काही जणी असतात, त्यांनी सुट्टीच्या दिवसांत तरी तो मोह आवरावा. आपण अडविलेल्या खुर्चीची वाट कोणीतरी खरोखर बघत असते.

एकटी जाणारी आजी हा मला तर सर्वांत चांगला उपाय वाटतो. चौघांनी सुट्टीत येण्याऐवजी एका वर्षी आजीने सुट्टी सोडून, जानेवारी-फेब्रुवारीत किंवा ऑगस्टात, लेकीकडे जावे. चार महाग तिकिटांऐवजी एक स्वस्त तिकीट. नातवंडे शाळेत गेली की दुपार मायलेकींची. मात्र दर वर्षी असे करावे हे मला पटत नाही. नातवंडांना आजी दिसली तरी विहीर, गोठा, पेरूची बाग, चुलत भावंडे, गच्चीवरची झोप हे बंगळुरच्या तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. म्हणून एक वर्ष आजीने जावे, एक वर्ष त्यांनी यावे. आणि ज्या वर्षी पैशाची ओढाताण असेल त्या वर्षी लेकीने येऊ नये हे तिच्या तोंडून येण्याआधी आपणच म्हणावे. "सगळ्यांच्या लेकी आल्या, तुमची नाही आली?" असे विचारणाऱ्या शेजारणी आपल्यात आहेत. ते विचारणे बंद झाले तर काही घरांतले कर्ज कमी होईल, असे मला वाटते.

पाच ते बारा वर्षांचे मूल एकटे पाठविण्याची सोय बहुतेक कंपन्या जादा पैसे घेऊन करतात. मी ती फक्त थेट विमानाला योग्य समजते, मध्ये बदलायचे असेल तर नाही, आणि सुट्टीच्या पहिल्या दिवसांच्या गर्दीत तर मुळीच नाही.

शेवटचे एक राहिले. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एक असले पाहिजे. पुरुषांना ही अडचण फारशी येत नाही. आपल्याला येते, कारण आपली नावे दोन. एखादीचे आधार सासरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या नावाने, आणि मुलाने तिकीट काढले ते घरात हाक मारतात त्या नावाने! देशातल्या प्रवासाला आधार चालते, परदेशाला पासपोर्टच. ज्या ओळखपत्राने जाणार त्यावरचे नाव अक्षर न् अक्षर तिकिटावर हवे, आणि बदल करायचा तर तिकीट काढल्याबरोबर, निघण्याच्या सकाळी नव्हे.

आता चहा आहे. चहा झाल्यावर मी मागच्या खोलीत सतरंजीवर बसणार आहे. ज्यांच्याकडे पुढच्या सुट्टीत कोणी यायचे आहे किंवा ज्या स्वतः जाणार आहेत, त्यांनी तिकीट आणि आधार बरोबर असेल तर तसेच घेऊन यावे, नसेल तर घरी फोन करून छायाचित्र मागवावे. दोघीदोघींनी मिळून नावे आणि वेळा ताडून पाहू.